बँडच्या साउंडवर मालकी कुणाची?

१९८३ साली गेफन रेकॉर्ड्स या कंपनीने नील यंग या रॉक गायकावर तेहतीस लाख डॉलरचा दावा ठोकला. दिलेले अल्बम त्याच्या आधीच्या कामासारखे वाजत नाहीत, त्याच्या नावाला साजेसे नाहीत, अशी तक्रार होती. १९८२च्या 'ट्रान्स'मध्ये त्याने आपला ओळखीचा उंच, थरथरता आवाज व्होकोडरमधून, म्हणजे आवाज यांत्रिक करणाऱ्या उपकरणातून, काढला होता, आणि पुढच्याच वर्षी 'एव्हरीबडीज रॉकिन' या अल्बममध्ये तो थेट १९५०च्या दशकातल्या रॉक अँड रोलकडे वळला होता. कंपनीला हवा होता १९७०च्या दशकातला नील यंग.

आता दुसरी गोष्ट. १९८४च्या अखेरीस जॉन फोगर्टी या गायकाचं 'द ओल्ड मॅन डाउन द रोड' हे गाणं आलं. फोगर्टीच्या जुन्या बँडच्या, म्हणजे क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलच्या गाण्यांचे हक्क फँटसी या कंपनीकडे होते. हे गाणं १९७०च्या 'रन थ्रू द जंगल'ची नक्कल आहे, असा दावा तिने त्याच्यावर लावला. ते जुनं गाणंही फोगर्टीनेच लिहिलेलं! १९८८ साली तो गिटार घेऊन साक्षीला बसला आणि आपली गाणी कशी बनतात हे त्याने ज्यूरीला वाजवून दाखवलं. ज्यूरीने निकाल त्याच्या बाजूने दिला. वकिलांच्या खर्चाचा प्रश्न पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९९४मध्ये तिथेही त्याचंच म्हणणं उचलून धरलं गेलं.

एकाला स्वतःसारखं न वाजवल्याबद्दल कोर्टात खेचलं, दुसऱ्याला स्वतःसारखं वाजवल्याबद्दल. कंपन्यांचं सोडा, त्यांचे पैसे अडकलेले असतात. पण हाच मालकीचा दावा आपण श्रोतेही करतो, आणि तोही तितक्याच हिरिरीने. आवडत्या बँडचा नवा अल्बम येतो, पहिल्या दोन मिनिटांतच कळतं की गिटार मागे गेली आहे, ड्रमच्या जागी मशिनचा ठेका आहे, गायक ओरडायचा थांबला आहे, आणि आपल्या तोंडून निघतं, 'यांनी आम्हाला फसवलं.' माझं म्हणणं असं की हे वाक्य बोलायचा हक्क श्रोत्याला नाही. 'मला आवडलं नाही' म्हणायचा आहे, 'अल्बम वाईट आहे' म्हणायचाही आहे. फसवणूक व्हायला आधी काही कबूल केलेलं असावं लागतं, आणि पुढच्या अल्बममध्ये काय असेल हे कुठल्याच बँडने कधी कबूल केलेलं नसतं.

नील यंगच्या 'ट्रान्स'मागे काय होतं, ते नंतर त्यानेच सांगितलं. त्याच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी होती, त्याला बोलता येत नव्हतं. मुलाशी संवाद साधण्याची धडपड त्या यंत्रातून येणाऱ्या, नीट न कळणाऱ्या आवाजात उतरली होती. १९८२ साली हे श्रोत्यांना ठाऊक असणं शक्य नव्हतं आणि अल्बम आवडून घेण्याची सक्तीही त्यांच्यावर नव्हती. पण बँड किंवा गायक साउंड बदलतो तेव्हा त्यामागे आपल्याला न दिसणारं काही घडत असतं, एवढी शक्यता तरी मनात ठेवायला हवी. गेफनने दावा पुढे मागे घेतला आणि कंपनीच्या मालकाने यंगची माफीही मागितली.

श्रोत्याचं दुःख मात्र मी हलक्यात घेत नाही. १७ मे १९६६ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये बॉब डिलनने पूर्वार्धात एकट्याने, अकूस्टिक गिटार आणि माउथऑर्गनवर गाणी म्हटली. लोक गप्प बसून ऐकत होते. उत्तरार्धात तो इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून पूर्ण बँड घेऊन आला आणि हॉलचा नूर पालटला. शेवटच्या गाण्याच्या आधी गर्दीतून कुणीतरी ओरडलं, 'जूडास!' येशूला धरून देणाऱ्या शिष्याचं नाव. डिलनने 'माझा तुझ्यावर विश्वास नाही, तू खोटं बोलतोस' असं उत्तर दिलं, साथीदारांना जोरात वाजवायला सांगितलं आणि 'लाइक अ रोलिंग स्टोन' सुरू केलं. हे सगळं ध्वनिमुद्रणात आहे. १९९८ साली ते अधिकृतपणे प्रसिद्धही झालं.

ते ध्वनिमुद्रण ऐकताना ओरडणाऱ्याची चेष्टा करावीशी मला कधी वाटली नाही. त्या काळी फोकची, म्हणजे लोकगीतांच्या वळणाने गाणाऱ्यांची, चळवळ नागरी हक्कांच्या लढ्याशी, युद्धविरोधाशी बांधलेली होती. साधी गिटार आणि स्पष्ट ऐकू येणारे शब्द ही त्या चळवळीची ओळख होती. इलेक्ट्रिक गिटार म्हणजे बाजार, पॉप, पैसा. आपल्या बाजूचा सर्वांत मोठा कवी शत्रूच्या गोटात गेला, असं त्या माणसाला मनापासून वाटलं असणार. कानाला खटकलं एवढ्यावर कुणी कुणाला जूडास म्हणत नाही. ज्याच्या गाण्यांच्या आधाराने आपण उभे राहिलो, तो निघून जातोय हे बघणं अवघडच असतं. तरीही तो माणूस चुकलाच. डिलनचे शब्द कुठे गेले नव्हते. उलट त्या काळात ते आणखी दाट, आणखी धारदार झाले होते. गेली होती ती गाण्याभोवतीची ओळखीची हवा.

इथे साउंड म्हणजे नेमकं काय, ते बघायला हवं, कारण वाद बहुतेक वेळा वाद्यांवर अडकतो. गिटार गेली, सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड, आला. डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा मुद्दाम फाटका केलेला आवाज, कमी झालं, पियानो वाढला. पण बँडचा साउंड वाद्यांच्या यादीतून तयार होत नाही. चार-पाच माणसं एका खोलीत बसून काम कसं वाटून घेतात, गाण्याची सुरुवात कोण करतं, कुणाचा शब्द शेवटचा असतो, चूक झाली तर ती पुसतात की ठेवतात, यातून तो तयार होतो. म्हणून साउंड खऱ्या अर्थाने बदलायचा तर ही कामाची पद्धत मोडावी लागते. ती मोडली की माणसं एकमेकांवर उखडतात, कुणाच्या हाताला काम उरत नाही, कुणी बँड सोडायची भाषा करतं. नुसती वाद्यं बदलली तर यातलं काहीच होत नाही. जुनीच गाणी नवे कपडे घालून येतात आणि पुन्हा पाढे पंचावन्न.

रेडिओहेड या इंग्लिश बँडचा 'किड ए' हे याचं सर्वांत चांगलं उदाहरण. १९९७च्या 'ओके कॉम्प्युटर'नंतर हा जगातला सर्वांत मोठा गिटार बँड होईल असं बोललं जात होतं. दौऱ्याने गायक थॉम यॉर्क पिळून निघाला होता, त्याला गाणीच सुचेनात. तो एफेक्स ट्विन, ऑटेकर असलं इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकत बसला. १९९९च्या सुरुवातीला पॅरिसमध्ये काम सुरू झालं, मग कोपनहेगन, मग इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशरमध्ये, मग ऑक्सफर्डला स्वतःच्या स्टुडिओत. कित्येक महिने हाती काही लागत नव्हतं. एड ओब्रायन या गिटारवादकाला छोटी, सुरेल गिटारची गाणी करायची होती. इथे तर गिटारच नको म्हणत होते. तेव्हा निर्माता नायजेल गॉड्रिचने बँडचे दोन गट पाडले. एकाने गिटार आणि ड्रमला हात न लावता काहीतरी आवाज तयार करायचा, दुसऱ्याने तो पुढे न्यायचा. दहा-बारा वर्षं आपापल्या वाद्याने ओळखल्या गेलेल्या माणसांसाठी ही केवढी कठीण गोष्ट आहे! स्वतःचा हातखंडा बाजूला ठेवून शिकाऊ व्हायचं.

आणि त्याचं फळ पहिल्याच गाण्यात मिळतं. 'एव्हरीथिंग इन इट्स राइट प्लेस'च्या सुरुवातीला कीबोर्डचे गोल, उबदार सूर येतात. मग यॉर्कचाच आवाज, पण तुकडे केलेला, उलटसुलट फिरवलेला. कधी डाव्या कानाशी, कधी उजव्या, शब्द लागतोय म्हणेपर्यंत विरून जाणारा. त्यावर त्याचं मूळ गाणं सुरू होतं, दहा मात्रांच्या आवर्तनात, त्यामुळे सम कुठे येणार याचा अंदाज सतत चुकत राहतो. तीन गिटारवादकांच्या बँडने अल्बम उघडला तो असा, गिटार कुठेही न वाजवता. पुढे एका गाण्यात ब्रास वाजवणाऱ्यांचा ताफा अंगावर येतो, आणखी एकात गिटारवादक जॉनी ग्रीनवुडने रचलेली तंतुवाद्यं एका जुन्या ॲबीत, म्हणजे मठाच्या चर्चमध्ये, ध्वनिमुद्रित केलेली आहेत आणि त्यांच्या जोडीला आँद मार्तेनो आहे, १९२०च्या दशकातलं फ्रेंच इलेक्ट्रॉनिक वाद्य. गिटारवादकाला गिटार बंद म्हटल्यावर त्याच्यातला संगीतरचनाकार बाहेर आला. तो पुढे चित्रपटांना संगीत देऊ लागला, याचं मला नवल वाटत नाही.

'किड ए' ऑक्टोबर २००० मध्ये आला, त्यातून एकही सिंगल, म्हणजे सुटं गाणं, काढलं गेलं नाही, नेहमीसारखे व्हिडिओही नाहीत, तरी अमेरिकेच्या यादीत तो थेट पहिल्या क्रमांकावर गेला. समीक्षकांत फूट पडली. काहींनी तो पार झोडपला. दशक संपताना मात्र रोलिंग स्टोन या मासिकाने आणि पिचफोर्क या संगीतविषयक संकेतस्थळानेही त्याला दशकातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं. श्रोत्यांना ज्याची आठवण येत होती ती गिटार २००७च्या 'इन रेनबोज'मध्ये परत आलीच, पण वेगळी होऊन. 'किड ए'शिवाय ती तशी वाजली असती असं मला वाटत नाही.

यू-टू या आयरिश बँडचंही असंच झालं, पण त्यांच्याकडे चांगला आणि वाईट असे दोन्ही नमुने आहेत. दोन जर्मनी एक होत होत्या त्याच दिवसांत, ऑक्टोबर १९९० मध्ये, ते बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत गेले. गायक बोनो आणि गिटारवादक एज यांना यंत्रांचे, नाचाच्या ठेक्याचे आवाज हवे होते. बेस वाजवणारा ॲडम क्लेटन आणि ड्रमर लॅरी मलन यांना जुनं बरं वाटत होतं. बँड फुटायच्या बेतात होता. दुसऱ्याच एका गाण्यावर झगडताना एजने दोन कॉर्डमालिका एकापाठोपाठ वाजवून बघितल्या आणि त्यातून 'वन' उभं राहिलं. 'अक्टुंग बेबी' १९९१च्या नोव्हेंबरमध्ये आला. याउलट १९९७चा 'पॉप'. दौऱ्याच्या तारखा आधी ठरल्या, अल्बम मागे राहिला आणि घाईघाईत पुरा करावा लागला. नंतर त्यातली काही गाणी बँडला पुन्हा दुरुस्त करून काढावी लागली. लोक म्हणतात की यू-टूने इलेक्ट्रॉनिककडे वळायला नको होतं. मला दोष वळण्यात दिसत नाही, ते वळण अर्धवट सोडण्यात दिसतो. 'अक्टुंग बेबी'ला भांडायला वेळ मिळाला होता.

आता मेटॅलिका हा मेटल बँड, कारण 'विकले गेले' हा आरोप सर्वांत जास्त त्यांच्या वाट्याला आला. १९८८च्या 'अँड जस्टिस फॉर ऑल'मध्ये पासष्ट मिनिटांत नऊ गाणी. एकेका गाण्यात रिफवर रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारे छोटे स्वरसमूह), ताल बदलतोय, गुंता वाढतोय. पुढचा, काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम १९९१ साली आला: साधारण बासष्ट मिनिटांत बारा गाणी. वेग उतरला, रिफ कमी झाले, आवाज जाड झाला. बॉब रॉक या नव्या निर्मात्याने त्यांना वेगवेगळं ध्वनिमुद्रण करण्याऐवजी एका खोलीत एकत्र वाजवायला लावलं. आधीच्या अल्बममध्ये जवळजवळ ऐकूच न येणारा बेस आता पोटात जाणवत होता. 'एंटर सँडमन' जवळजवळ एकाच रिफवर उभं आहे. थ्रॅशवाल्यांनी, म्हणजे वेगवान मेटलच्या चाहत्यांनी, याला शरणागती म्हटलं, कारण अमेरिकेतच या अल्बमचे दीड कोटींहून जास्त नग खपले.

खप हा पुरावा होऊ शकत नाही, ना गुणाचा ना लबाडीचा. काम कुठवर खोल गेलं ते बघावं. सोपं वाजवणं या बँडसाठी अवघड होतं. चार रिफ लिहून मोकळं होण्याची सवय लागलेल्यांना एकाच रिफवर साडेपाच मिनिटं लोकांना धरून ठेवायचं होतं. त्यासाठी गायक जेम्स हेटफिल्डला ओरडणं सोडून गायला शिकावं लागलं. मी या बदलाला प्रामाणिक मानतो. २००३चा 'सेंट अँगर' मात्र मला पटत नाही, आणि तो तर बाजारासाठी केलेला मुळीच वाटत नाही. सोलो काढून टाकले, स्नेअर ड्रमचा आवाज पत्र्याचा डबा बडवल्यासारखा ठेवला, सगळं कच्चं, उघडंवाघडं. पण पंचाहत्तर मिनिटांत गाणी लांबत गेली, घडली नाहीत. साउंड बदलला आणि लेखन मागे राहिलं. म्हणजे बघा, लोकप्रिय झालेला बदल खरा असू शकतो आणि कुणालाही न रुचलेला बदल पोकळ. सोपं की कठीण, खपलं की पडलं, यावरून काही ठरत नाही.

याच न्यायाने, जो बँड बदलत नाही त्याला आळशी म्हणायलाही माझा विरोध आहे. १९८०च्या फेब्रुवारीत एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट वारला. जुलैत नवा गायक ब्रायन जॉन्सनसह 'बॅक इन ब्लॅक' बाजारात होता, आणि तो एसी/डीसीसारखाच वाजत होता. गायकच बदललेला असताना तोच ताण, तीच उघडी जागा, ड्रम आणि गिटारमधली तीच शांतता राखणं ही मोठी कारागिरी आहे. गेली काही दशकं समीक्षेत 'स्वतःला नव्याने घडवलं' हे वाक्य पदकासारखं बहाल केलं जातं. त्यामुळे अनेक तरुण बँड तिसऱ्या अल्बमला सिंथ आणायचाच, अशा समजुतीने कामाला लागतात. तेही मला तितकंच निरर्थक वाटतं.

फ्लीटवुड मॅक या बँडच्या 'टस्क'बद्दलही थोडं बोलायला हवं. 'रूमर्स' १९७७ साली अफाट खपल्यावर त्यांच्या गिटारवादकाला, लिंडसी बकिंगहॅमला, त्याची दुसरी आवृत्ती काढायची नव्हती. १९७९चा दुहेरी 'टस्क' दहा लाखांहून जास्त डॉलर खर्चून झाला, आणि लाखोंनी खपूनही 'रूमर्स'च्या मानाने अपयश ठरवला गेला. आज तो ऐकताना त्यातला खडबडीतपणा अगदी ताजा वाटतो. टॉक टॉक या बँडने १९८८ साली 'स्पिरिट ऑफ ईडन' काढला तेव्हा सिंथपॉपवर पोसलेल्या त्यांच्या कंपनीला हे विकायचं कसं तेच कळेना, आणि तिथेही प्रकरण कोर्टात गेलं. लंडनच्या स्टुडिओत जवळजवळ अंधारात, अनेक वादकांकडून उत्स्फूर्त वाजवून घेऊन, त्यातले मोजके क्षण जोडून तो अल्बम केला होता. असा अल्बम वर्षाच्या हिशोबात बसत नाही.

म्हणूनच मला आजची काळजी वाटते. पूर्वी 'तुमच्यासारखं वाजवा' असं सांगायला कंपनीला वकील लागायचा. आता ते काम गाणी पुरवणारी ॲप्स निमूट करतात. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद ऐकलं गेलं तरच त्याची गणती होते. म्हणजे 'एव्हरीथिंग इन इट्स राइट प्लेस'सारख्या गाण्याला, जिथे कान जुळायलाच वेळ लागतो, पहिल्या अर्ध्या मिनिटात परीक्षा द्यावी लागते. शिफारस तर आधी ऐकलेल्याच्या जवळचं तेच पुढे करते. बँड बदलला तर जुने श्रोते गाणं पुढे ढकलतात आणि ढकललेलं गाणं नव्या कुणापर्यंत पोहोचायची शक्यता घटते. २०२४पासून वर्षभरात हजार वेळा न ऐकलेल्या गाण्याला स्पॉटिफाय मानधनच देत नाही. मोठे बँड हे पचवतील. आर्क्टिक मंकीज या बँडने २०१८ साली, गिटारच्या जोरावर मिळवलेलं नाव पणाला लावून, पियानोवर लिहिलेला 'ट्रँक्विलिटी बेस हॉटेल अँड कसीनो' आधी एकही सिंगल न सोडता काढला, आणि त्यांचं काही बिघडलं नाही. ज्यांचा दुसराच अल्बम आहे, त्यांचं काय? बदलायची सर्वांत जास्त गरज त्यांनाच असते, आणि त्यांनाच ते सर्वांत महाग पडतं.

हे असंच चालणार असं मानायचं कारण नाही. २०२१च्या नोव्हेंबरमध्ये गायिका ॲडेलच्या आग्रहानंतर स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचं शफलचं, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमाने वाजवणारं, बटण मागे घेतलं आणि गाणी लावलेल्या क्रमाने वाजू लागली. छोटी गोष्ट, पण मागितली म्हणून मिळाली. आवडत्या बँडचा नवा अल्बम शिफारशीच्या गणितातून सुटून, निदान पहिल्यांदा तरी, सलग समोर यावा, हीसुद्धा मागता येण्यासारखीच गोष्ट आहे.

दुसरी मागणी समीक्षा छापणाऱ्यांकडे. अल्बम बाहेर पडतो त्याच दिवशी तारे वाटून मोकळं व्हायची रीत साउंड बदलणाऱ्या बँडवर सरळ अन्याय करते, कारण त्या दिवशी समीक्षकाच्या कानात जुनाच अल्बम वाजत असतो. पहिल्या दिवशी बातमी द्या: कोण वाजवतंय, काय बदललंय, कुठे ध्वनिमुद्रण झालं. निवाडा महिन्याभराने द्या, आणि वर्षाने त्याच समीक्षकाला त्याच अल्बमवर पुन्हा लिहायला सांगा. 'किड ए'ला दशक संपताना मिळालेला मान पहिल्या वर्षीच मिळायला हवा होता असं मी म्हणत नाही. त्याच्याबद्दल दुसऱ्यांदा लिहिण्यासाठी दशक संपायची वाट बघावी लागू नये, इतकंच.